ऊसबिल दर महिन्याला येत नाही : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या मुलांच्या शेतकरी आईवडिलांना नाकारले जाणारे व्हिजिटर व्हिसा

महोदय,

सप्टेंबरात एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी ब्रिटनला गेलेल्या मुलीचा पदवीदान समारंभ बहुतेक पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबर ते जानेवारीत होतो. काही विद्यापीठांत तो जुलैत असतो. आईवडिलांना आठ-दहा दिवस जाऊन तो सोहळा डोळ्यांनी बघायचा असतो. मागे जमीन असते, गोठ्यात जनावरे असतात, म्हणजे परत येणे भागच असते. तरी व्हिसा नाकारला जातो. अशा पालकांचे अर्ज भरायला आम्ही मदत करतो, नकाराची पत्रेही वाचतो. पैसे नसल्यामुळे नव्हे, तर पैसे कसे येतात हे कागदावर न दिसल्यामुळे ही माणसे अडतात, असे आमचे ठाम मत आहे.

अर्ज ऑनलाइन आणि प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो. आईचा आणि वडिलांचा अर्ज वेगळा, फीही वेगळी. एप्रिल 2025 मध्ये ती माणशी 115 वरून 127 पौंड झाली. मग मुंबईच्या किंवा पुण्याच्या केंद्रात बोटांचे ठसे द्यायचे, पुढे साधारण तीन आठवड्यांत निर्णय. मुलाखत सहसा होत नाही, सगळा निर्णय कागदांवर होतो.

फॉर्ममध्ये उत्पन्न आणि महिन्याचा खर्च विचारलेला असतो. पगारदाराला हा प्रश्न सोपा आहे. ऊस लावणाऱ्याने काय लिहावे? हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बिल हप्त्याने येते, बहुतेकदा जिल्हा बँकेच्या खात्यात, सोसायटीचे पीककर्ज वळते होऊन. जुलैच्या समारंभासाठी एप्रिलात अर्ज केला, तर सहा महिन्यांच्या स्टेटमेंटवर दोन-तीन मोठ्या रकमा एकदम दिसतात आणि अधिकारी विचारतो, हे कुठून आले? डिसेंबरच्या समारंभासाठी ऑक्टोबरात अर्ज केला, तर तेच खाते जवळजवळ कोरडे दिसते. शेतकरी एकच, शेत एकच, पण अर्ज कोणत्या महिन्यात केला यावर त्याची ऐपत ठरते.

त्यात वडील वर्षाच्या उत्पन्नाला बाराने भागून आकडा टाकतात. तेवढी रक्कम दर महिन्याला जमा झालेली दिसत नाही, म्हणजे अर्ज आणि स्टेटमेंट जुळत नाही. त्याहून वाईट म्हणजे कुणाच्या तरी सल्ल्याने अर्जाच्या आधल्या आठवड्यात मेहुण्याकडून तीन-चार लाख घेऊन खात्यात टाकले जातात. नकाराला याइतके हुकमी कारण दुसरे नाही.

मग सातबारा. तो मराठीत, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. खाते सामाईक असले तर भावांची नावे असतात, पण कुणाचा हिस्सा किती ते बऱ्याचदा नसते. उताऱ्यावर नाव बाळू आणि पासपोर्टवर बाळासाहेब. आईचे नाव तर सहसा नसतेच, बायकोचे नाव उताऱ्यावर लावण्याच्या लक्ष्मी मुक्ती योजनेतून लावले असेल तेवढेच. वडिलांना व्हिसा आणि आईला नकार, ही वेळ येते ती यातूनच. भाषांतर जोडले तरी ते अचूक असल्याचा भाषांतरकाराचा खुलासा, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क हे सगळे त्यावर हवे. एवढे नसले, तर ते भाषांतर अधिकाऱ्याने धरलेच पाहिजे असे नाही.

आयकर विवरण हा सगळ्यात वजनदार कागद, आणि तो नेमका यांच्याकडे नसतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून विवरण भरायची गरजच पडत नाही. स्वतःहून भरता येते, पण शेतीचे उत्पन्न पाच हजारांच्या वर असले की विवरणाचा आयटीआर-1 हा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-2 मध्ये करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखवावे लागते. गावात हे सांगणारे कमीच.

नकाराच्या पत्रात ब्रिटनच्या व्हिसा नियमांतल्या व्ही 4.2 या नियमाची उपकलमे असतात: मुदतीत परत जाल याची खात्री नाही, भेटीचा हेतू पटला नाही, पुरेसे पैसे दिसत नाहीत. या नकारावर अपील नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, आणि तोवर समारंभ होऊन गेलेला असतो. शिवाय पुढे काही देशांच्या अर्जांत 'पूर्वी व्हिसा नाकारला होता का' याला 'हो' लिहावे लागते.

आणखी एक गोष्ट. 1 जानेवारी 2024 पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांत पीएच.डी. आणि संशोधनाच्या पदव्या, तसेच सरकारी शिष्यवृत्तीवर शिकणारे सोडले, तर विद्यार्थ्याला नवरा, बायको किंवा मुलांना डिपेंडंट, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेले, म्हणून सोबत नेता येत नाही. त्यांच्यासाठीही आता भेटीचा व्हिसा हीच वाट उरली आहे. हे धोरण ठरवणे ब्रिटनच्या हातात आहे, ते आम्हाला मान्य आहे. पण त्यामुळे या एका व्हिसावरचा भार वाढला, हे आपण त्यांच्यासमोर मांडू शकता.

4 मे 2021 रोजी दोन्ही देशांनी स्थलांतर आणि गतिशीलता भागीदारीवर सह्या केल्या आहेत. त्या चर्चेत आपण दोन गोष्टी मागाव्यात. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून नेमके कोणते कागद धरले जातील, ते ब्रिटनने लिहून द्यावे: सातबारा, आठ-अ हा खातेउतारा, कारखान्याचे वर्षभराचे ऊसबिल, बाजार समितीची हिशेबपट्टी, आणि सहाऐवजी बारा महिन्यांचे स्टेटमेंट. दुसरे, विद्यापीठाने समारंभाचे पत्र दिलेले असेल, तर नाकारण्याआधी कमी असलेला कागद एकदा मागावा. आज अधिकाऱ्याला तो मागता येतो, पण मागण्याचे बंधन नाही.

काही कामे आपल्याच घरची आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मराठी आणि इंग्रजीत एकाच पानावर, शेतीचे उत्पन्न वेगळे दाखवून मिळावा, यासाठी राज्याच्या महसूल विभागाला आपल्या मंत्रालयाने लिहावे. पासपोर्ट सेवा केंद्रे तर आपल्याच अखत्यारीत आहेत. तिथे मराठीत एक पानाचे पत्रक ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यावर एवढे छापा: उसने पैसे खात्यात टाकू नका, वर्षाचे उत्पन्न कोणत्या महिन्यांत येते ते वेगळ्या पत्रात लिहा आणि प्रत्येक मोठ्या रकमेसमोर तिची बिलाची पावती लावा, सातबाऱ्यावरचे आणि पासपोर्टवरचे नाव वेगळे असेल तर प्रतिज्ञापत्र जोडा, व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नका.

जुलैच्या समारंभांचे अर्ज एप्रिलपासून सुरू होतात. पत्रक त्याआधी, मार्चमध्ये केंद्रांवर पोहोचावे.

आपले,
परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना व्हिसाचे अर्ज भरायला मदत करणारे आम्ही काही जण