बी.कॉम. झालेल्यांना थेट वाट सांगा

महोदय,

मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात एका पेढीवर मी २६ वर्षं हिशेब लिहितो. दोन वर्षांपूर्वी भोर तालुक्यातला माझा भाचा बी.कॉम.ला ६१ टक्के मिळवून, सी.ए. व्हायचंच म्हणून आमच्याकडे बिबवेवाडीला राहायला आला. एका क्लासने त्याला फाउंडेशनला, म्हणजे सी.ए.च्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला बसवलं. जोडीला असू दे म्हणून त्याने एम.कॉम.लाही नाव घातलं. चार महिने पोरगा पुन्हा खतावणी आणि तेरीज ही हिशेबाची बाराखडी गिरवत होता. हे तर मी त्याला दहावीच्या सुट्टीत पेढीवर बसवून शिकवलं होतं.

पेढीच्या ऑडिटला आलेल्या, सी.ए.च्या हाताखाली आर्टिकलशिप म्हणजे उमेदवारी करणाऱ्या मुलीने एकदा सहज विचारलं, "काका, त्याला पंचावन्नच्या वर आहेत ना? मग फाउंडेशन कशाला?" तेव्हा कळलं. कॉमर्सच्या पदवीधराला ५५ आणि इतर शाखांच्या पदवीधराला ६० टक्के असले की फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला, म्हणजे दुसऱ्या पायरीला नोंदणी करता येते. शेवटच्या वर्षाला असतानाही तात्पुरती नोंदणी होते. क्लासवाल्यांना हे ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास बसत नाही. फी परत मिळाली नाहीच, वर एक अटेम्प्ट हुकला. त्याचे वडील भातशेतीवर घर चालवतात.

आता तो इंटरला आहे. पहिल्या ग्रुपला ४४, ४७ आणि ५२ पडले. प्रत्येक पेपरला ४० लागतात, ते आहेत. पण ग्रुपची बेरीज ३०० पैकी १५० हवी. मी चष्मा लावून कागदावर मांडून पाहिली, १४३च भरली. सात मार्कांसाठी तिन्ही पेपर पुन्हा. त्या रात्री तो जेवला नाही. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, तो पुन्हा बसेल. पण फाउंडेशनमध्ये गेलेले ते चार महिने इंटरच्या अभ्यासाला मिळाले असते तर, हे मनातून जात नाही.

एम.कॉम.ला मी कमी लेखत नाही. प्राध्यापक व्हायचं असेल त्याने ते जरूर करावं.

कॉमर्स कॉलेजांना कळकळीची विनंती आहे : टी.वाय.च्या वर्गाबाहेर पात्रतेच्या या ओळी मराठीत लावा. सी.ए.ची परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटचं अभ्याससाहित्य वेबसाइटवर फुकट मिळतं, तेही लिहा. आमच्या गावाकडच्या कॉलेजांना हवा असेल तर तो कागद मी स्वतःच्या हाताने लिहून देतो.

— एक वाचक, बिबवेवाडी, पुणे