जुना नांगर, छोटा ट्रॅक्टर आणि साखळीची जागा

संपादक महोदय,

गळीत हंगाम सरत आला आणि शिवारे मोकळी होऊ लागली की करवीर, कागल, हातकणंगले या तालुक्यांत अलीकडे एक दृश्य वारंवार दिसते. बैलांसाठी घडवलेला जुना लोखंडी नांगर साखळीने छोट्या ट्रॅक्टरला बांधलेला असतो आणि मागे एकजण रुमणे (नांगराची मूठ) धरून चालत असतो. बैलजोडी सांभाळणे परवडत नाही, मोठा पलटी नांगर १५ ते २० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला ओढवत नाही आणि दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यासाठी मोठा ट्रॅक्टरवाला यायला तयार नसतो. तेव्हा गोठ्यात पडून असलेला नांगर बाहेर काढावासा वाटणे स्वाभाविकच आहे. त्याला माझा विरोध नाही. तो ज्या रीतीने जोडला जातो, ती मात्र जीवावर बेतणारी आहे.

लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, त्या काळापासून आपल्या भागात रुळलेले हे नांगर बैलांच्या ओढीचा हिशेब धरून बनवलेले आहेत. बैलजोडीची सलग कामाची ताकद साधारण एक अश्वशक्ती धरली जाते. शिवाय फाळ दगडाला किंवा उसाच्या बुडख्याला अडला की बैल आपणहून थांबतात. ट्रॅक्टर थांबत नाही. अशा वेळी हाळिशीचा (नांगराच्या लांब दांडीचा) बोल्ट तुटतो, साखळी तुटून सपकन मागे-पुढे उडते, किंवा ट्रॅक्टरची पुढची चाके जमीन सोडतात.

पुढची चाके उचलली जाण्याचे कारण बहुतेकदा साखळीच्या जागेत असते. ओढ मागच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) मध्यापेक्षा खाली, म्हणजे ड्रॉबारवर (ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढीच्या पट्टीवर) असेल, तर ट्रॅक्टरचे तोंड थोडे उचलले तरी ड्रॉबार खाली जातो, त्याची उचलण्याची ताकद कमी होत जाते आणि सावरायला वाव राहतो. तीच साखळी टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांडीच्या) जागेला, ॲक्सलला किंवा सीटखालच्या एखाद्या कडीला बांधली, तर अडलेला नांगर ट्रॅक्टरला मागे उताणा पाडतो. हे सगळे दीड-दोन सेकंदांत घडते. चालकाचा पाय क्लचपर्यंत पोहोचण्यापूर्वीच ट्रॅक्टर त्याच्या अंगावर आलेला असतो. लोअर लिंकना (अवजार जोडायच्या खालच्या दोन दांड्यांना) आडवी पट्टी टाकून तिला साखळी अडकवणारेही पुष्कळ आहेत. पट्टी खाली असेपर्यंत निभावते, पण नांगर फार खोल चालला म्हणून हायड्रोलिकने ती वर घेतली की ओढीची जागाही वर जाते आणि धोका तिथेच तयार होतो.

१९१७ पासून विकल्या गेलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरचीही मागे उलटण्याबद्दल अशीच कुख्याती होती. हॅरी फर्ग्युसन यांनी १९२६ मध्ये पेटंट घेतलेली जोडणी, जिच्यातून आजचे थ्री पॉइंट लिंकेज (तीन सांध्यांवर अवजार बसवायची सोय) आले, तिने या धोक्यावर मोठा तोडगा काढला. पण ते संरक्षण तिन्ही सांध्यांवर बसवलेल्या अवजारालाच मिळते, साखळीने बांधलेल्या नांगराला नाही.

नांगर जमिनीत शिरत नाही म्हणून हाळिशीवर दगड ठेवणे किंवा पोराला उभे करणे हा प्रकार तर ताबडतोब थांबला पाहिजे. साखळी आखूड असली की ओढ तिरकी वर जाते आणि फाळ उचलला जातो. साखळी लांब करावी, हाळिशीच्या टोकाच्या खाचांत कडी वरच्या बाजूला घ्यावी आणि वाफसा (जमीन ना फार ओली, ना फार कोरडी) असतानाच नांगरट करावी, म्हणजे वजन टाकण्याची वेळ येत नाही. खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून फुटलेला ऊस) मोडताना मात्र हा नांगर वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बुडख्यात अडकलेल्या फाळाचा हिसका रुमण्यातून थेट मागच्या माणसाच्या छातीवर किंवा हनुवटीवर बसतो. ट्रॅक्टर रुतलाच, तर मागच्या चाकांना साखळीने लाकूड बांधून तो काढू नये. लाकूड अडून चाक फिरेनासे झाले की ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो. नांगर सोडवून, शक्य असेल तर रिव्हर्समध्ये बाहेर यावे, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवावा. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या उतारावर आणि बांधालगत वळताना फाळ आधी जमिनीबाहेर काढावा, हे तिथल्या दगडाळ रानात काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. तरीही घाईत तेच राहून जाते.

कृषी विभागाला माझी विनंती आहे की, यांत्रिकीकरणाच्या योजनेतून छोटा ट्रॅक्टर देताना ड्रॉबारची जोडणी शेतकऱ्याला प्रत्यक्ष रानात दाखवावी आणि चालकावरची संरक्षक चौकट व सीटबेल्ट असलेल्या ट्रॅक्टरलाच अनुदान द्यावे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतल्या कारागिरांकडूनही एक अपेक्षा आहे. ओढून न्यायच्या जुन्या नांगरांना जोडणीत एक लाकडी खुंटी असे. फाळ अडला की ती मोडायची आणि नांगर सुटून मागे राहायचा. तशी खुंटी, किंवा हिसका बसताच सुटणारा स्प्रिंगचा हूक, छोट्या ट्रॅक्टरच्या ड्रॉबारच्या मापात बनवणे त्यांना मुळीच अवघड नाही. पुढच्या नांगरटीपूर्वी तो बाजारात आला, तर घेणारे शेतकरी गावोगावी आहेत.

आपला,
एक शेतकरी, ता. करवीर, जि. कोल्हापूर