पुरात बुडालेली गाडी ‘तपासलेली’ म्हणून विकल्याबाबत तक्रार

सातारा
दि. १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
पुणे विभाग

विषय : मे २०२५ मध्ये आपल्याकडून घेतलेली एमएच-०८ पासिंगची पेट्रोल हॅचबॅक परत घेऊन संपूर्ण रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,

जुन्या गाड्या तपासून विकणाऱ्या आपल्या कंपनीच्या पुण्यातल्या शाखेतून मी मे महिन्यात ४ लाख ३५ हजार रुपयांना एक पांढरी हॅचबॅक घेतली. २०१८ चं मॉडेल, फर्स्ट ओनर, मीटरवर ३८,४१२ किलोमीटर. आपल्या दोनशे मुद्द्यांच्या तपासणी अहवालात ‘पाण्याने बाधित : नाही’ आणि ‘मीटर रीडिंग : खात्रीशीर’ असं छापलेलं आहे, खाली आपल्या तपासनिसाची सही आहे. या दोन्ही गोष्टी धडधडीत खोट्या आहेत. ही गाडी जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरात बुडाली होती आणि तिचं मीटर मागे घेतलेलं आहे. फोनवर आणि ईमेलवर मला आजवर जी उत्तरं मिळाली, ती पाहता सगळं सविस्तर लिहिणं भाग आहे.

आपले ग्राहक प्रतिनिधी मला म्हणाले, “मॅडम, जुनी गाडी म्हटली की थोडंफार असं होणारच.” हे मला अजिबात मान्य नाही. आमच्या घरची पहिली गाडीसुद्धा जुनीच होती. २०१२ साली आमच्याच कॉलनीतल्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांकडून घेतलेली. व्यवहार ठरला त्या दिवशी त्यांनी किल्लीच्या आधी एक फाइल माझ्या हातात ठेवली. प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल तारखेनुसार लावलेलं, प्रत्येक बिलावर किलोमीटर, बॅटरीची पावती, टायरची पावती. डाव्या दारावरचा पोचा त्यांनी स्वतः दाखवला. “थंडीत सकाळी दुसरा गिअर जरा अडतो, जोर करू नका, गाडी तापली की आपोआप पडतो,” हे बजावून सांगितलं. ती गाडी आम्ही गेल्या वर्षापर्यंत वापरली. माझी मुलगी तिच्यावर गाडी शिकली. गल्लीत वळवताना कुठे घासली तरी जीव कासावीस व्हायचा नाही, म्हणूनच ती लवकर आणि न घाबरता शिकली. त्या गाडीचा प्रत्येक आवाज आम्हाला पाठ होता.

त्यामुळे या वेळीही जुनीच घ्यायची हे आम्ही विचार करून ठरवलं. नवी गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर पडली की तिची किंमत उतरते, आणि ती घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. आपल्या राज्यात खासगी गाडीचा एकरकमी रोड टॅक्स त्यानेच भरलेला असतो. २०१८ च्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०३३ पर्यंत चालते. जेवढ्या पैशांत नवं बेसिक मॉडेलही बसत नव्हतं, तेवढ्यात मला दोन एअरबॅग, एबीएस आणि मागचा वायपर असलेली गाडी मिळत होती. शिक्षकाच्या पगारात हप्ता बसवणाऱ्या घराला हा व्यवहार खरोखर आनंद देतो, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण हे सगळं गणित एका गोष्टीवर उभं असतं : गाडी आजवर कुठे होती, किती धावली, तिला काय झालं, याची माहिती खरी असली पाहिजे. काकांनी ती फुकट दिली. आपण तिचेच जास्तीचे पैसे घेता. रस्त्यावरच्या एजंटकडे अशीच गाडी बरीच कमी किमतीत मिळत होती. मी आपल्याकडे आले ती केवळ त्या तपासणी अहवालासाठी.

गाडी घेण्यापूर्वी जे पाहता येतं ते सगळं मी पाहिलं. परिवहनच्या ॲपवर नोंदणी, विमा, थकीत चलन, बँकेचा बोजा, सगळं तपासलं. सर्व्हिस हिस्टरी मागितली तेव्हा आपल्या विक्री प्रतिनिधीने सांगितलं की पहिल्या मालकाने गाडी बाहेरच्या गॅरेजमध्येच सर्व्हिस केली, त्यामुळे रेकॉर्ड नाही, आणि “आमचा रिपोर्टच तुमची हिस्टरी.” हे वाक्य त्याने मला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलेलं आहे.

पाऊस सुरू झाला आणि गाडीचं खरं रूप दिसायला लागलं. एसी लावला की कुबट वास यायचा. मग मागच्या काचा मध्येच अडकायला लागल्या. तक्रार केली तर “पावसाळ्यात होतं, ऊन पडलं की जाईल” हे उत्तर. जुलैमध्ये सासूबाईंना पुण्याच्या दवाखान्यात दाखवून परत येताना, रात्री खंबाटकी घाट चढत असताना, गाडीचे सगळे दिवे एकदम गेले आणि इंजिन बंद पडलं. हॅझर्डसुद्धा लागेना. मागून मालट्रक येत होते. मुलगी मोबाइलचा टॉर्च हलवत वळणाच्या अलीकडे उभी राहिली. सासूबाईंचं वय ७६ आहे, त्यांना आम्ही पावसात कठड्याच्या आत नेऊन बसवलं. एका ट्रकवाल्याने स्वतःचा ट्रक मागे आडोशाला लावला आणि टोइंगची गाडी येईपर्यंत तो हलला नाही, म्हणून आम्ही सुखरूप घरी आलो.

साताऱ्यातल्या आमच्या मिस्त्रींनी गाडी उघडली तेव्हा मी शेजारीच उभी होते. त्यांनी आधी इंजिनला हात लावलाच नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत, अगदी रिळातून पट्टा संपेपर्यंत, बाहेर ओढला. रोज वापरात येणारा भाग स्वच्छ काळा होता. त्याच्या पुढे, जिथे एरवी कुणाचा हात जात नाही, तिथे पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ होती आणि रेघेखालचा पट्टा मातीने कडक झालेला होता. चारही बेल्ट ओढले, चारहींवर रेघ होती. मग सीट काढल्या. सीटच्या रुळांना गंज, कार्पेटखालच्या फोममध्ये वाळलेला गाळ, स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्यात रंगाखाली माती. डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे कनेक्टर सोडवले, तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. मिस्त्री म्हणाले, पाणी बाहेरून सुकतं, पण कनेक्टरच्या आत गंज वर्षानुवर्षं खात राहतो. गाडी आज चालते, उद्या घाटात बंद पडते. या सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ तारखेसह सोबत आहेत.

तपासणीच्या दोनशे मुद्द्यांत सीटबेल्ट पूर्ण ओढून बघणं बसत नाही का? त्याला यंत्र लागत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

एअरबॅगबद्दल जे कळलं ते याहून गंभीर आहे. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. या गाडीत तो लागतच नाही. मिस्त्रींनी मीटर उघडल्यावर कळलं की तो दिवाच काढून टाकलेला आहे. एअरबॅगचं नियंत्रण करणारा भाग दोन सीटच्या मधोमध खाली, फ्लोअरवर असतो, म्हणजे पाणी शिरलं की आधी तोच बुडतो. बिघाड झाल्याची सूचना ग्राहकाला दिसू नये म्हणून कुणीतरी हाताने ही व्यवस्था केली आहे. महोदय, पुढच्या सीटवर माझी मुलगी बसत होती. दोन एअरबॅग आहेत म्हणून मी ही गाडी निवडली होती. हे काम आपल्याकडे झालं की गाडी आपल्याकडे येण्याआधी, ते मला माहीत नाही, पण आपल्या अहवालात ‘एअरबॅग : ठीक’ यापुढेही बरोबरची खूण आहे.

त्यानंतर मी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर देऊन चौकशी केली. रेकॉर्ड नाही म्हणून मला सांगितलं गेलं होतं; तिथे ते २०१८ पासून व्यवस्थित होतं. शेवटची नोंद जून २०२१ ची, किलोमीटर ६१,८७०. म्हणजे चार वर्षांपूर्वी ६१ हजारांच्या पुढे गेलेली गाडी आपण मला ३८ हजारांची म्हणून विकली. जून २०२१ नंतर त्या रेकॉर्डमध्ये काहीच नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं होतं, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. आरसीवरच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, मूळ मालकांशी मी बोलले. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की गाडी दोन दिवस पाण्याखाली होती, विमा कंपनीने ती टोटल लॉस धरून त्यांना भरपाई दिली आणि गाडी उचलून नेली. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी अशी निकालात काढतात. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म त्यांनी सही करून तेव्हाच दिले होते. ही गाडी अजून रस्त्यावर आहे हे त्यांना माझ्याकडूनच कळलं, आणि ते हादरले.

त्यांच्या हादरण्याला कारण आहे. आरसी आजही त्यांच्याच नावावर आहे. ट्रान्स्फरचे साडेनऊ हजार रुपये आपण माझ्याकडून मे महिन्यातच घेतलेत. ‘आरटीओत पेंडिंग आहे’ यापलीकडे मला काही सांगितलं जात नाही, अर्जाचा क्रमांकही दिला जात नाही. नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक आणि अपघाताची जबाबदारी त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलेलं आहे. खंबाटकीच्या त्या रात्री काही विपरीत घडलं असतं तर चिपळूणच्या त्या निरपराध गृहस्थांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. माझ्या नावावर गाडी नाही म्हणून विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचं संरक्षण माझ्या नावावर करायला तयार नाही, तेही वेगळंच.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र, म्हणजे फॉर्म २९-बी, लागतं. गाडी ताब्यात आली की फॉर्म २९-सी ने कळवावं लागतं, आणि तेव्हापासून डीलरच मालक मानला जातो. गाडी कुणी, कशासाठी, किती किलोमीटर चालवली याचं इलेक्ट्रॉनिक रजिस्टरही ठेवावं लागतं. हे नियम अशाच प्रकारांसाठी केले आहेत. आपलं अधिकारपत्र, या गाडीचा २९-सी आणि त्या रजिस्टरमधल्या नोंदी मला हव्या आहेत. गाडी आपल्या यार्डात आली त्या दिवशी मीटरवर किती आकडा होता, ते त्यातून दिसेल.

आपलं आतापर्यंतचं म्हणणं असं की सात दिवसांची परतीची मुदत संपली, वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान बसत नाही, आणि करारात ‘जशी आहे तशी’ असं कलम आहे. पाणी गाडीत २०२१ साली शिरलं. ते शिरलेलं नाही असं आपण सहीनिशी लिहून दिलंत, आणि आता त्याच पाण्याचं कारण सांगून वॉरंटी नाकारता. ‘जशी आहे तशी’ म्हणायचं तर गाडी जशी होती तशी आधी सांगायला हवी होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं ही सेवेतली त्रुटी धरली आहे, आणि मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. कुठल्याही छापील कलमाने त्यातून सुटका होत नाही.

वायरिंग आणि एअरबॅगची दुरुस्ती १ लाख १८ हजारांत करून देण्याचा, त्यातला अर्धा खर्च मी सोसण्याचा, आपला प्रस्ताव मी नाकारत आहे. या गाडीत मी माझ्या घरच्यांना पुन्हा बसवणार नाही. आपण ती परत न्यावी आणि ४ लाख ३५ हजार रुपये, ट्रान्स्फरचे पैसे, टोइंगचा आणि मिस्त्रींचा खर्च आणि माझ्या कर्जावरचं आजवरचं व्याज द्यावं. चिपळूणच्या गृहस्थांचं नाव या गाडीवरून कायदेशीररीत्या निघेल याची जबाबदारी घेऊन तसं त्यांना लेखी कळवावं. आणि ही गाडी दुरुस्त करून, पॉलिश मारून पुन्हा कुणा तिसऱ्याला विकणार नाही, असं मला लिहून द्यावं. ही शेवटची मागणी पैशांइतकीच महत्त्वाची आहे. माझ्यासारखंच कुणीतरी, पै-पै साठवून, घरची पहिली गाडी घ्यायला आपल्या यार्डात येणार आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. राहत्या ठिकाणी ती करण्याचा हक्क मला कायद्याने आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आधीच केली आहे. मीटर आणि एअरबॅगच्या दिव्याबाबत पोलिसांकडे आणि आरटीओकडे स्वतंत्र अर्ज जाईल.

गाडी आमच्या अंगणात उभी आहे, बॅटरीची वायर काढून ठेवली आहे. न्यायला येताना टोइंगची गाडी आणावी. चालवत नेऊ देणार नाही. सुटे काढलेले सीटबेल्ट आणि कनेक्टर मात्र पुरावा म्हणून माझ्याकडेच राहतील.

आपली,
एक ग्राहक, सातारा
(नाव, पत्ता व गाडीचा क्रमांक सोबतच्या विक्री करारात आहे.)