गुडघ्याच्या वर पाणी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र आलं म्हणजे काहीतरी झालंय, असं आईला वाटणार. म्हणून आधीच सांगते, काही झालेलं नाही. मी धडधाकट आहे, नोकरी आहे, काल रात्री कुळथाचं पिठलं आणि भात खाल्ला. पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आईचा आवाज भरून येतो, मागून बाबा "बरं, ठेव आता, बिल वाढतंय" म्हणतात (व्हॉट्सअॅपला बिल येत नाही बाबा, किती वर्षं सांगतेय), आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं.

मावशीने दाखवलेला फोटो माझाच. बोटीतली तिसरी, लाल जॅकेटवाली. मी "जिमला जाते" म्हणून सांगत होते ती जिम म्हणजे हे बोट वल्हवणं. रविवारी बोलताना केस ओले का, असं आई विचारायची आणि मी "आत्ताच न्हायले" म्हणायचे. न्हायलेलीच असायचे, फक्त खाऱ्या पाण्याने. दोन वर्षं मी तुमच्याशी खोटं बोलले. चुकलंच. पण भाऊकाकांनंतर आपल्या घरात समुद्राचा विषय कसा निघतो ते आठवा आणि मग सांगा, मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

मावशीने "मासेमारीच्या होडीवर जाते" असं सांगितलंय म्हणे. तसं काही नाही. एडिंबरातच, शहराच्या पूर्वेला पोर्टोबेलो म्हणून भाग आहे, तिथे सरळसोट वाळूचा किनारा आहे. आपल्या मुरूडसारखा, फक्त सुरूची झाडं नाहीत आणि ऊन नाही. किनाऱ्याजवळच आमच्या क्लबच्या लाकडी बोटी ठेवतात. बोट बावीस फुटांची, चार जण वल्हवणार, प्रत्येकाच्या हातात एकच वल्हं, आणि मागे सुकाणू धरून एक जण बसणार. त्याला इथे कॉक्स म्हणतात, मी मनात तांडेल म्हणते. आमची तांडेल सत्तरीची आहे, बाबांपेक्षा दोन वर्षांनी लहान, रिटायर झालेली नर्स. ती "ईझी" म्हणाली की चौघांनी वल्ही थांबवायची, वाद नाही. बोटीत एक शाळेचा मुख्याध्यापक आहे, एक प्लंबर आहे, एक मुलगी अजून कॉलेजात आहे. बाहेर कोण काय आहे ते बोटीत कोणी विचारत नाही. वल्हं पाण्यात वेळेवर पडतंय ना, एवढंच बघतात. पहिले दोन महिने माझं पडत नव्हतं. मागच्या बाईच्या वल्ह्यावर माझं वल्हं आपटायचं आणि मीच दर वेळी "सॉरी, सॉरी". शेवटी ती म्हणाली, सॉरी कमी म्हण आणि पुढच्याची पाठ बघ. पाठ बघायला लागले आणि जमलं.

बाबा, तुम्हाला हे आवडेल म्हणून लिहिते. या बोटी जुन्या दिसतात, पण जुन्या नाहीत. आमच्या समोरच्या फोर्थ खाडीच्या पलीकडच्या काठाला, फाइफमध्ये, कोळशाच्या खाणी होत्या. तिथले खाणकामगार गावागावांत वल्हवण्याच्या शर्यती लावायचे. १९५०च्या दशकापर्यंत त्या चालल्या आणि मग बंद पडल्या. अँस्ट्रदर गावात मच्छीमारांचं एक संग्रहालय आहे. त्यांनी २००९मध्ये ठरवलं की किनाऱ्यावरच्या लोकांना पुन्हा पाण्यात उतरवायचं. इयन ऑट्रेड नावाच्या बोटी रेखाटणाऱ्या नामांकित माणसाकडून त्यांनी एक रेखाटन करून घेतलं, फेअर बेटावरच्या जुन्या होडीच्या धर्तीवर. बोटीचं नाव सेंट आयल्स. प्लायवूडचे तुकडे कापून मिळतात, बाकी सगळं गावाने मिळून जोडायचं. विकत घेतलेली तयार बोट नाही, गावाने स्वतः बांधलेली, ही गंमत आहे. आता अशा दोनशेहून जास्त बोटी आहेत, हॉलंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत. २०१३मध्ये उलापूलला यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

गेल्या हिवाळ्यात आमचीही नवी बोट झाली. एका गोडाऊनमध्ये, हीटर नावालाच. फळीवर फळी जराशी चढवून चिकटवायची, कौलं एकमेकांवर चढतात तशी. मला फळ्यांना कोणी हात लावू दिला नाही (बरोबरच होतं), वल्ही घासायला दिली. माझ्या उंचीच्या अडीचपट लांब वल्हं! आधी रंधा, मग पॉलिश पेपर, जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. रंधा हातात घेतला तेव्हा अंगठा आपोआप बाजूला गेला, तुम्ही पडवीत शिकवला होतात तसाच. "रेषेच्या विरुद्ध रंधा मारलास तर लाकूड रागावतं." हे मी त्या प्लंबरला इंग्रजीत सांगायला गेले आणि मला तिथेच रडू आलं. भुसा डोळ्यात गेला म्हटलं. बोट पाण्यात घालताना त्यांनी तिच्या पुढच्या टोकावर व्हिस्की ओतली आणि मी नारळ फोडला. इंडियन दुकानातला नारळ, आतून जरा कुबट निघाला, पण सगळ्यांनी वाटून खाल्ला.

आता आईसाठी. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणाला बोटीत पाऊल टाकता येत नाही. वारा ठरलेल्या मापाच्या वर गेला की बोटी बाहेरच काढत नाहीत. मागचा जानेवारी तर जवळजवळ सगळा चहा पिण्यातच गेला. तांडेलाजवळ वायरलेस असतो. बोट रुंद, सहजी उलटत नाही. समोरच्या काठावर किंगहॉर्नला लाइफबोट, म्हणजे समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारी बोट आहे, ती चालवणारी संस्था १८२४ची, आणि बहुतेक लोक पगार न घेता हे काम करतात. रात्री दोनला पेजर वाजला की अंथरुणातून उठून धावतात. पाणी थंड असतं, ते खरं. फेब्रुवारीत पाच-सहा अंश, ऑगस्टमध्ये चौदाच्या आसपास. म्हणून आत लोकरीचे कपडे, वर वॉटरप्रूफ, डोक्याला तू विणलेली ती मोरपंखी टोपी. टोपीबद्दल दर वेळी कोणीतरी विचारतं. परत आल्यावर चहा आणि केक. इथे केक हा क्लबचा निम्मा कार्यक्रम असतो. मी नारळाच्या वड्या नेल्या तर दहा मिनिटांत डबा रिकामा, आणि आता माझी पाळी आली की केक नको, "ते पांढरं" आण म्हणतात.

एक गोष्ट मात्र लपवत नाही, नाहीतर तीही मावशीकडून कळायची. गेल्या मे महिन्यात आम्ही बाहेर असताना धुकं आलं. इथे समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला हार म्हणतात, "हार आला" म्हणतात, मला पहिल्यांदा ऐकून हसू आलं होतं. त्या दिवशी नाही आलं. फाइफचा काठ गेला, इंचकीथ बेट गेलं, मग पोर्टोबेलोची घरं गेली. पुढे बसलेल्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. तांडेलबाईने शांतपणे होकायंत्र काढलं, वायरलेसवर दोन वाक्यं बोलली आणि आम्हाला हळू वल्हवायला सांगितलं. वीस मिनिटांत वाळू लागली. एवढंच. पण त्या वीस मिनिटांत मी मनातल्या मनात कड्यावरच्या गणपतीला नारळ बोलले आहे. अंजर्ल्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा आपण तरीतून जायचो, तू माझा फ्रॉक मागून धरून बसायचीस, इतका घट्ट की काठावर उतरल्यावरही त्याच्या चुण्या जायच्या नाहीत. ते आठवत होतं.

आता खरं सांगायचं ते.

पुण्याच्या ऑफिसातली जागा मी घेतली नाही. फेब्रुवारीतच नाही म्हणून कळवलं. तुम्ही वरची खोली रंगवून घेतलीत हे मला त्यानंतर कळलं, आणि तेव्हापासून मी हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे.

कारणं आहेत. पगार जवळजवळ निम्मा होता. हुद्दाही एक पायरी खालचा. आणि पुण्यात असते तरी शनिवारी ताम्हिणीतून दापोलीला पोचायला पाच-सहा तास, पावसाळ्यात विचारूच नका, म्हणजे महिन्यातून एकदाच भेट. ही सगळी कारणं खरी आहेत. पण तुम्ही दोघं माझे आई-बाबा, तुम्हाला कळणारच की माणूस इतकी कारणं कधी देतो. मला इथे राहायचंय. इथली पहिली दोन वर्षं कशी गेली ते मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघाले की सोमवारपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही, दुकानदाराला "थँक्यू" सोडून. आता शनिवारी सकाळी मी आठला पोचले नाही तर आठ-पाचला चार जणांचे फोन येतात. बोट तीन वल्ह्यांवर निघत नाही ना.

याचा अर्थ तुमच्यापेक्षा ती माणसं जवळची, असा नाही. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नव्हते. बाहेर बाकावर बाबा एकटे बसले होते, डब्यातली पोळी तशीच परत नेली, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. ते मला विसरता येत नाही आणि विसरायचंही नाही. म्हणून गणपतीला येतेय, तिकीट काढलं आहे. गौरी गेल्यावरही दहा दिवस आहे. त्यानंतर दर वर्षी दोनदा. खोलीचा रंग वाया गेलेला नाही.

आणि आता कृपा करून ऐका. आईचे थेंब डॉक्टरांनी सांगितलेत तितके दिवस घालायचे, "दिसतंय की आता स्वच्छ" म्हणून मध्येच बंद करायचे नाहीत. घालण्याआधी बाबांनी साबणाने हात धुवायचे. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, चुलीपुढे वाकायचं नाही, पाणी गॅसवर तापवा. बीपीची गोळी सकाळचीच, आमटी उतरवल्यावर आठवली तेव्हाची नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचे पैसे मी पाठवले होते. ते पैसे पंपाला लावलेत, मला माहीत आहे. मी पुन्हा पाठवलेत, या वेळी दांडाच. आणि बाबा, आंब्यावर शिडी लावायची नाही. त्या पायरी आंब्याला माणूस सांगा, दोन पेट्या त्याला द्या, पण तुम्ही चढायचं नाही. चढलात तर मला इथे कळतं, कसं ते सांगणार नाही.

पुढच्या जूनमध्ये तुम्ही दोघं इकडे या. तेव्हा इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. भात, नारळ, कोकम, सगळं मिळतं. घर गरम असतं, गीझर चोवीस तास. बाबांना तांडेलबाईशेजारी बसवू, पाणी कसं आहे ते बघून ठरवू. आई किनाऱ्यावर बसेल, तिच्यासाठी खुर्ची आणि थर्मास नेईन.

आणि आई, मुरूडला तू मला सांगायचीस, गुडघ्याच्या वर पाणी आलं की मागे फिरायचं. इथे बोट ट्रॉलीवरून उतरवताना पाणी मांडीपर्यंत येतं. कधी कधी कमरेपर्यंत. तुला खोटं सांगायचं नाही म्हणून लिहिलं.

तुमची,
बाय

ता. क. बाबा, आईला वाचून दाखवताना तुम्ही मधलं गाळता, मला माहीत आहे. यातलं काही गाळू नका. धुक्याचंही नाही, आणि शिडीचं तर अजिबात नाही.