पीडी सरांचं काम चार ओळीत मावत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्या तालुक्याच्या कॉलेजमधल्या शारीरिक शिक्षण संचालकांच्या, म्हणजे आमच्या पीडी सरांच्या, निवृत्तीची बातमी आली. शाल श्रीफळ कोणाच्या हस्ते दिलं ते आलं, स्टेजवर कोण कोण होतं त्यांची सगळी नावं आली आणि सरांच्या कामाबद्दल एकच वाक्य आलं की त्यांनी अनेक खेळाडू घडवले. बातमी दिली त्याबद्दल आभारच आहेत, बऱ्याच पीडी सरांच्या वाट्याला तेवढंपण येत नाही. पण ते जे एक वाक्य आहे ना, त्याच्या आत काय काय आहे ते लोकांना कळावं म्हणून लिहितोय. मी सरांचा विद्यार्थी, कॉलेजकडून चारशे आणि आठशे मीटर पळायचो. सरांचं नाव टाकत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही, ओळखणारे ओळखतीलच, आणि तसे पीडी सर आणि मॅडम खान्देशात गावोगावी आहेत, हे पत्र त्या सगळ्यांबद्दल आहे असं समजा.

सर लागले तेव्हा आपलं विद्यापीठ नवीन होतं. 15 ऑगस्ट 1990 ला जळगावचं विद्यापीठ झालं, त्याच्या आधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला होती. म्हणजे इथल्या पोराला विद्यापीठाच्या टीममध्ये जायचं तर पुणे, नाशिक, नगरच्या पोरांना मागे टाकून जायचं, ज्यांच्याकडे मैदान होतं, कोच होता, स्पाइक्स होते. नवीन विद्यापीठ झालं आणि आपल्या पोरांना पहिल्यांदा स्वतःच्या विद्यापीठाचा ट्रॅकसूट मिळायला लागला, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायला मिळायला लागलं. पण दार उघडलं म्हणून पोरं आपोआप आत जात नाहीत, त्यांना हाताला धरून न्यावं लागतं आणि ते काम त्या काळातल्या पीडी लोकांनी केलं. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हापण नव्हता, तो 1998 ला झाला, आणि धडगाव, अक्कलकुव्याकडून पोरगं स्पर्धेला आणायचं म्हणजे आदल्या दिवशीच निघायला लागायचं.

आता मैदानाचं सांगतो कारण सरांचं सगळ्यात मोठं काम माझ्या मते ते आहे. आमच्या कॉलेजच्या जागेत 400 मीटरचा ट्रॅक बसतच नाही, बसतो 200 मीटरचा, तोपण एका कोपऱ्यात बाभळी काढून, मुरूम टाकून, रोलर फिरवून सरांनी बसवला. दरवर्षी पावसाळा संपला की गवत काढायचं, खड्डे भरायचे, पाणी मारायचं आणि मग टेप घेऊन आखणी करायची, फक्की मारायची. बघणाऱ्याला वाटतं पांढऱ्या रेघा तर ओढायच्या. पण ज्याने ट्रॅक आखला त्याला विचारा. लेनची रुंदी 1.22 मीटर, वळणावर बाहेरच्या लेनवाल्याला जास्त पळावं लागतं म्हणून त्याची सुरुवात पुढे घ्यावी लागते, चारशेला दुसऱ्या लेनला 7.04 मीटर आणि त्यापुढे दर लेनला साधारण 7.67 मीटर, हे झालं मोठ्या ट्रॅकचं. 200 च्या ट्रॅकवर चारशे पळवायची तर दोन चक्कर, वळणं दुप्पट, म्हणून हे अंतरपण दुप्पट. सर हे सगळं आमच्याकडूनच मोजून घ्यायचे, आर्ट्सची पोरं आम्ही, गणिताला घाबरणारे, पण स्टॅगर, म्हणजे हे पुढे घ्यायचं अंतर, कसा काढतात ते आजपण झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. पुढे आमच्यातलेच काही जण शाळेत क्रीडाशिक्षक झाले आणि आता त्यांच्या शाळेच्या मैदानावर त्याच पद्धतीने फक्की पडते. हे कोणत्या अहवालात येणार सांगा?

स्पर्धेचा सीझन आणि आपल्या भागातल्या कामाचा सीझन एकच असतो ही गोष्ट शहरातल्या लोकांना माहीत नसते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दसरा दिवाळीच्या आगेमागे येतात आणि तेव्हाच इथे कपाशी वेचायला आलेली असते, घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. सातपुड्याकडच्या पोरांचं तर अजून अवघड, दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातकडे निघून जातात, पोरगं चांगलं पळतंय, विद्यापीठाच्या निवडीत नाव आलंय आणि ऐनवेळी समजतं की ते तिकडे गेलं. सर अशा पोरांच्या पाड्यावर जायचे, बापाशी बोलायचे, पोराला कॉलेजच्या होस्टेलवर ठेवून घ्यायचे, जेवणाचं कुठेतरी जमवायचे. सगळी पोरं थांबली असं नाही, काही गेलीच, आणि ती गेली याचं सरांना किती लागायचं ते आम्ही बघितलंय.

मुलींचं सांगितल्याशिवाय तर पत्र पूर्णच होणार नाही. सुरुवातीला आमच्या कॉलेजच्या मुली फक्त बुद्धिबळ आणि कॅरमला नाव द्यायच्या, मैदानावर ट्रॅकपॅन्ट घालून यायची सोय नव्हती, गाव बघतं म्हणून. सरांनी काय केलं तर मुलींची प्रॅक्टिस सकाळी उजाडल्यावर लावली, एका मॅडमना कायम सोबत उभं केलं आणि बाहेरगावची स्पर्धा असली की ज्या मॅडम सोबत येणार त्यांना घेऊन स्वतः मुलीच्या घरी जायचे. घरच्यांशी सर अहिराणीतच बोलायचे, "आप्पा, पोरले धाडा, मी सोता तिले घर सोडाले येसू," आणि खरंच सोडायला जायचे, रात्री कितीपण वाजो. 2010 साली दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये सावरपाड्याच्या कविता राऊतने 10,000 मीटरला ब्राँझ घेतलं, कॉमनवेल्थमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक मेडल घेणारी ती पहिली भारतीय महिला, तो पेपरातला फोटो सरांनी जिमखान्याच्या भिंतीला लावला. आपल्यासारख्याच आदिवासी पाड्यावरची मुलगी आहे हे बघून आमच्या मुलींमध्ये जो फरक पडला तो नुसत्या भाषणाने पडला नसता. नंतर नंतर मुलांपेक्षा मुलींच्या रिलेची प्रॅक्टिस बघायला जास्त लोक कंपाउंडला उभे राहायचे आणि "पय वं माय, पय" म्हणून ओरडायचे, तेच गाव.

आता कोणी विचारेल की मेडल किती आले. आले, विद्यापीठाचे आले, कलरहोल्डर म्हणजे विद्यापीठाच्या टीमकडून खेळलेले झाले, अश्वमेध या राज्याच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणारे झाले, ऑलिंपिकला कोणी गेलं नाही. पण कॉलेजच्या पीडीचं काम फक्त मेडलवर मोजायचं हे मला पटत नाही. जे पोरगं कधीच पहिल्या तीनमध्ये आलं नाही पण तीन वर्षं रोज मैदानावर आलं, त्याचं काय झालं ते बघा ना. पोलीस भरतीत आता मैदानी चाचणीला 50 गुण आहेत, मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. यातला प्रत्येक प्रकार सरांनी पोरांकडून भरतीचं नाव पण न घेता करून घेतला होता. आज कितीतरी पोरं पोलीसमध्ये आहेत, काही आर्मीत आहेत, काही खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून सरकारी नोकरीला लागली कारण त्यांची सर्टिफिकेटं, फॉर्म, सह्या, शिक्के सगळं सरांनी वेळेत आणि नीट करून ठेवलं होतं. एक कागद कमी असला की पोराची नोकरी जाऊ शकते म्हणून सर प्रत्येक खेळाडूची वेगळी फाईल ठेवायचे. खेळाडूच्या पात्रतेचा फॉर्म भरताना जन्मतारीख मार्कशीटवर वेगळी आणि आधारवर वेगळी निघाली की ते स्वतः ऑफिसात बसायचे, कारण आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट 25 ची आहे आणि आपल्याकडे शिक्षण मधेच सोडून परत आलेली पोरं खूप असतात, त्यांना एक एक वर्ष महत्त्वाचं.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती पुढची. सर निवृत्त झाले, आता जिमखान्याचा चार्ज दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकांकडे दिलाय. ते माणूस म्हणून चांगलेच आहेत पण त्यांना स्वतःचे तास आहेत, पेपर तपासणी आहे, ते सकाळी मैदानावर कधी येणार. ही एका कॉलेजची गोष्ट नाही. शासनाने नोव्हेंबर 2018 मध्ये अनुदानित कॉलेजांसाठी भरतीला परवानगी दिली तेव्हा सहायक प्राध्यापकांच्या 3580 जागा होत्या आणि शारीरिक शिक्षण संचालकांच्या 139, सगळ्या महाराष्ट्राला मिळून. इकडे एम.पी.एड. करून, नेट सेट काढून, काही तर पीएचडी करून बसलेली आपली पोरं पोरी आहेत. या पदाला यूजीसीची शारीरिक चाचणीपण आहे, तिशीच्या आतल्या मुलाला 12 मिनिटात 1800 मीटर पूर्ण करायचे असतात. ती चाचणी आज सहज देतील अशी पोरं जाहिरात निघायची वाट बघतायत आणि त्यांचं वय चाललंय.

म्हणून विनंती दोन आहेत. एक, जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यातल्या किती कॉलेजात पूर्णवेळ पीडी आहे आणि किती ठिकाणी नुसता चार्ज आहे याची आपल्या पेपरने तालुकावार माहिती काढून छापावी, आपले वार्ताहर तालुक्यातालुक्यात आहेत, त्यांना हे अवघड नाही. आणि दुसरं, आमच्या कॉलेजचं जे मैदान आहे त्याच्या एका बाजूला नवीन बांधकाम होणार अशी चर्चा कानावर आलीय, ती खरी असेल तर संस्थेने दुसरी जागा बघावी. ट्रॅकच्या वळणाचा भाग तिकडेच येतो, तो गेला की 200 मीटरचा ट्रॅकपण बसणार नाही. आम्ही माजी खेळाडू संस्थेला तसं लेखी निवेदन देतोय, त्याची प्रत या पत्रासोबत जोडली आहे.

आपला नियमित वाचक,
एक माजी विद्यार्थी व खेळाडू,
जि. जळगाव