आई-बाबा, शेवटच्या वर्षाला अभ्यास जमायला लागलाय

प्रिय आई-बाबा,

बाबा फोनवर दरवेळी विचारतात अभ्यास कसा चाललाय आणि मी "चाललाय" एवढंच बोलतो, म्हणून आज नीट लिहितो, कारण यावेळी खरंच सांगण्यासारखं आहे.

शाळेपासून माझं परीक्षेच्या आदल्या रात्री वही वाचून निभायचं, फिजिक्सची पहिली वर्षंही तशीच निघाली. पण क्वांटम मेकॅनिक्सला, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या बारीक कणांच्या फिजिक्सला, ते चालत नाही, लिनिअर अल्जेब्रा (व्हेक्टर आणि मॅट्रिक्सचं गणित) कच्चा असला की पुढचं सगळंच डळमळतं. त्यात सोडवलेलं गणित वाचताना प्रत्येक ओळ पटत जाते, वाटतं आलं आपल्याला, आणि कोरा कागद घेतला की पहिली ओळच सुचत नाही.

आता मी पुस्तक मिटून बसतो. परवाचंच सांगतो, हार्मोनिक ऑसिलेटरमध्ये, म्हणजे स्प्रिंगला बांधल्यासारख्या हलणाऱ्या कणाच्या समीकरणात, एक्सच्या चौथ्या घाताचं छोटंसं पद टाकलं तर सगळ्यात खालच्या लेव्हलची एनर्जी किती सरकते असं गणित होतं. उत्तरात ३ येतो हे मला पाठ होतं, कुठून येतो ते माहीत नव्हतं. लॅडर ऑपरेटर (कणाला एक लेव्हल वर किंवा खाली नेणारी दोन गणिती चिन्हं) वापरून चौथ्या घाताचा कंस सोडवला तर १६ पदं निघतात, त्यातली १४ शून्य होतात, उरलेल्या दोनातून एकाचे २ आणि एकाचा १, झाले ३! बाबा, अख्खी संध्याकाळ गेली त्यात, पण इतका आनंद मला मार्कांनी कधी झाला नव्हता.

यावर संशोधनही झालंय. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचायला दिला आणि काहींना न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे, पण आठवड्यानंतर लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि वाचणाऱ्यांना ४२. माझं पहिल्या दोन वर्षांचं सगळं का उडून गेलं ते यात आलं.

म्हणून पहिल्या वर्षाचं लिनिअर अल्जेब्राचं पुस्तक परत काढलंय, रोज थोडं करतो, आणि अडलं की आधी स्वतः झगडून मग सरांकडे जातो, कुठपर्यंत आलो ते कागदावर दाखवता येतं त्यामुळे तेही मन लावून सांगतात. सगळे विषय अजून आवाक्यात आलेले नाहीत, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स बरंच राहिलंय, पण आता ते होईल असं मनापासून वाटतं. आणि आई, जागरणं बंद केलीत, तू इतकी वर्षं मागे लागली होतीस ना, झोप झाली की आदल्या दिवशीचं खरंच जास्त लक्षात राहतं.

सकाळी गणितं घेऊन बसतो तेव्हा मोबाईल दुसऱ्या खोलीत असतो, त्यामुळे फोन उचलला नाही तर काळजी करत बसू नका, दुपारी मीच करेन. बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्या दोघंही.

तुमचाच