खापर भाडेकरूंवर, भाडे मात्र आपल्याला

नागपूरच्या महाल-इतवारीतल्या अनेक जुन्या वाड्यांचे मालक बेसा, मनीषनगरकडे फ्लॅटमध्ये गेले. मागे उरलेल्या खोल्यांत छत्तीसगड, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले हमाल आणि कारागीर राहतात. आमच्या गल्लीत एका खोलीत आठ-आठ जण आहेत, नळ एकच, आणि जिन्यातली वायर हाताला लागेल अशी लोंबते. मोबाईल चोरीला गेला की पानठेल्यावर निकाल तयार असतो, 'बाहेरचेच असतील!' गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ मध्ये बारा गावे जोडून हे शहर वसवले. पुढे भोसल्यांच्या मागोमाग आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वजही बाहेरूनच आले.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे हे घरमालकाचे काम. ते आता ऑनलाइनही होते. पण भाडे रोखीत घ्यायचे असले की नोंद कोण करणार? मार्च २०२५ च्या दंगलीनंतर संचारबंदी लागली, तेव्हा रोजंदारीवाल्यांचे काय हाल झाले ते आम्ही पाहिले. मनपाने आधी मागच्या बोळांतले बंद दिवे लावावेत, पोलिसांनी रात्रीची गस्त मुख्य रस्त्यावरून आत आणावी आणि नोंद न करणाऱ्या मालकांना नोटिसा द्याव्यात.

– एक वाचक, महाल, नागपूर